पदवीनंतरची पन्नास वर्षं

मुंबई विद्यापीठाची बी.ए.ची परीक्षा पहिल्यांदा पास झाले ते चौघे जण: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. साल १८६२. तुकडी एकच, पण पुढचं आयुष्य प्रत्येकाच्या वाट्याला वेगळं आलं. रानडे न्यायखात्यात चढत चढत १८९३ साली उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि १९०१च्या जानेवारीत, साठी गाठायच्या आत गेले. निवृत्तीचं आयुष्य त्यांना लाभलंच नाही. भांडारकर त्याच १८९३ साली डेक्कन कॉलेजातून निवृत्त झाले, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९२५ पर्यंत जगले. वैष्णव, शैव आणि इतर पंथांवरचा त्यांचा गाजलेला ग्रंथ १९१३चा, म्हणजे पंचाहत्तरी उलटल्यावरचा. त्यांच्या नावाची प्राच्यविद्या संस्था पुण्यात उभी राहिली ती १९१७ साली, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी. आज भांडारकर म्हटलं की लोकांच्या तोंडी जे येतं, त्यातलं बरंचसं नोकरी सुटल्यानंतरच्या बत्तीस वर्षांतलं आहे.

कल्याणची नोंद याच्या उलट्या टोकाची. कल्याणात १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांना ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात डॉक्टरकीची पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात त्यांचं निधन झालं. पदवीनंतर पुरतं एक वर्षही नाही.

ही माणसं मोठी, म्हणून त्यांच्या तारखा आपल्याला पाठ आहेत. पण १९७१ साली सेकंड क्लासमध्ये बी.कॉम. झालेला डोंबिवलीचा मुलगा पुढं काय झाला, कुठं चिकटला, कधी सुटला आणि आज दुपारचं जेवण झाल्यावर काय करतो, हे कोणाला माहीत असतं? विद्यापीठाकडं त्याचा बैठक क्रमांक आहे. कॉलेजकडं जनरल रजिस्टरातली एक ओळ आहे. पदवीदान समारंभ झाला की दोघांचाही त्याच्याशी संबंध संपला.

नाही म्हणायला गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कॉलेजांना माजी विद्यार्थी अचानक आठवू लागले आहेत. त्याला कारण नॅक, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी राष्ट्रीय परिषद. १९९४ साली ही संस्था निघाली आणि तिच्या मूल्यांकनाच्या निकषांत माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला वेगळे गुण मिळू लागले. मग मेळावे भरू लागले, ग्रुप निघाले, फॉर्म फिरू लागले: नाव, तुकडी, सध्याचा हुद्दा, कंपनीचं नाव. सत्तरीतला माणूस ‘सध्याचा हुद्दा’ या रकान्यापाशी अडतो. तिथं ‘निवृत्त’ असं लिहिलं की फॉर्म पुढं काही विचारत नाही.

त्या रकान्यानंतरचं सारं या संग्रहात आहे. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत राहणाऱ्या, १९८० पूर्वी पदवी घेतलेल्या माणसांची ही टिपणं. कोणी चार पानं लिहिली, कोणी पोस्टकार्डावर मावेल एवढंच. विचारलेले प्रश्न साधे होते: नोकरी कुठं लागली आणि तिथंच का राहिलात, ती कशी सुटली, हातात काय आलं, आता दिवस कसा जातो. नावं मुद्दाम छापलेली नाहीत. नाव आलं की माणूस सांभाळून लिहितो, आणि सांभाळून लिहिलेली आत्मवृत्तं मराठीत पुष्कळ आहेत.

ही टिपणं एकत्र वाचताना एक गोष्ट ठळकपणे दिसते. या माणसांना नोकरीनं मुंबईचं करून टाकलं होतं. ती आपल्या गावची झाली ती नोकरी सुटल्यावर. पुढची पानं वाचताना हे ध्यानात ठेवलं, तर वरवर विस्कळीत वाटणाऱ्या मजकुराला एक धागा सापडेल.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८५३च्या एप्रिलात देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. रेल्वे अशी आली, पण कॉलेज यायला त्यानंतर शंभरहून अधिक वर्षं लागली. ठाण्यात विद्या प्रसारक मंडळाचं कॉलेज निघालं १९६९ साली, चेंदणी बंदर रोडला खाडीच्या काठी. कल्याणला बिर्ला कॉलेज १९७२चं. डोंबिवलीचं पेंढरकर कॉलेज सत्तरच्या दशकाच्या अखेरीचं. मधल्या काळात उल्हासनगरचं चांदीबाई होतं, पण कल्याणच्या अलीकडच्यांची ओढ मुंबईकडंच असे. त्यामुळं या भागातला जो पदवीधर आज ऐंशीच्या पुढं आहे, तो बहुधा माटुंग्याच्या रुईया, पोदार किंवा रुपारेलचा, दादरच्या कीर्तीचा, नाहीतर फोर्टातल्या सिद्धार्थचा. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९४६ साली काढलेल्या सिद्धार्थमध्ये सकाळचे वर्ग असत. दिवसा नोकरी करणारा मुलगा भल्या पहाटे कल्याण सोडायचा, तास उरकून तसाच कचेरीत जायचा आणि रात्री घरी परतायचा. पदवी हातात पडायच्या आधीच त्याची गाडीतली चार वर्षं झालेली असायची.

म्हणून कॉलेजविषयी लिहिताना दोन पिढ्यांचा सूर वेगळा लागलेला दिसेल. जुनी पिढी कॉलेजपेक्षा वाटेविषयी जास्त लिहिते. १९६९ नंतरची मुलं मात्र कॉलेजच्या बांधणीतच सामील होती. इमारत अर्धी, प्रयोगशाळेत सामान कमी, प्राध्यापक पंचविशीतले आणि विद्यार्थी विशीतले. त्या तुकड्यांचे मास्तर आणि विद्यार्थी आज एकाच ज्येष्ठ नागरिक संघात शेजारी बसतात आणि त्यांच्यात सात-आठ वर्षांचंच अंतर असल्याचं आता कुठं दोघांच्या ध्यानात येतं.

नोकऱ्यांच्या बाबतीत या पिढीचं नशीब बरं म्हणायला हवं. ठाण्यात कॉलेज निघालं त्याच १९६९ सालच्या १९ जुलैला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. शाखा वाढल्या, कारकुनांची भरती सुरू झाली. बी.ए. असो की बी.एस्सी., गणित बरं आणि इंग्रजी चालेल एवढं असलं की बँकेची परीक्षा द्यायची. आयुर्विमा महामंडळ, रिझर्व्ह बँक, मंत्रालय, पोर्ट ट्रस्ट, रेल्वे, टेलिफोन हे बाकीचे दरवाजे. त्यासाठी टायपिंगची तीस आणि चाळीसची परीक्षा पदरात असलेली बरी. डोंबिवलीत तर टायपिंग-शॉर्टहँडचा क्लास लावणं हा कॉलेजच्या अभ्यासक्रमाचाच भाग असल्यासारखं होतं. दुसरी वाट कारखान्यांची. औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली निघालं ते ठाण्याच्या वागळे इस्टेटीतच. ठाणे-बेलापूर पट्ट्यात रसायनांचे कारखाने आले. शहाडला सेंच्युरी रेयॉन आणि मोहन्याला एनआरसी आधीपासून होते. डोंबिवलीत एमआयडीसी झाली. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेल्याला शिफ्ट केमिस्ट म्हणून कुठंतरी जागा मिळे.

पन्नाशीच्या आतल्या वाचकांना या टिपणांतली एक गोष्ट चमत्कारिक वाटेल: बढती नाकारणं. बँकेतल्या कारकुनाला अधिकारी व्हायचं तर बदली ठरलेली, तीही बहुधा परराज्यात. डोंबिवलीत कर्ज काढून घेतलेला ब्लॉक, टिळकनगरच्या शाळेत मुलं, घरात म्हातारी आई, आणि बायकोचीही मुंबईत नोकरी. मग माणूस बढतीच्या परीक्षेला बसायचाच नाही. हेड कॅशियर किंवा स्पेशल असिस्टंटचा भत्ता पदरात पाडून घ्यायचा आणि त्याच काउंटरवर तीस वर्षं काढायची. आजच्या भाषेत याला करिअर म्हणत नाहीत. पण ज्यांनी असं केलं त्यांच्या लिहिण्यात कुठं खंत डोकावत नाही. उलट आपण काहीतरी हिशेबानं वाचवलं, असाच सूर आहे. काय वाचवलं, ते पुढं निवृत्तीच्या भागात कळतं.

जे वाचलं नाही ते म्हणजे प्रवासातले तास. डोंबिवली ते मुंबई अठ्ठेचाळीस किलोमीटर, कल्याणहून चौपन्न. घरापासून टेबलापर्यंत दीड तास धरला, तर जाऊन-येऊन दिवसाचे तीन तास. वर्षाचे २८० दिवस आणि नोकरीची ३५ वर्षं धरली, तर २९,४०० तास होतात. रात्रंदिवस मोजलं तर तीन वर्षांहून अधिक. एवढा काळ या माणसांनी उभ्यानं, नाहीतर चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून काढला. साहजिकच त्यांची खरी माजी विद्यार्थी संघटना कॉलेजात नाही, डब्यात आहे. कॉलेजचा वर्गमित्र पाच वर्षांत दुरावतो. गाडीतला ग्रुप तीस-तीस वर्षं टिकतो. एकाच गाडीचा, एकाच डब्याचा, एकाच दाराचा हा ग्रुप. त्यात वेगवेगळ्या कॉलेजांचे, वेगवेगळ्या हुद्द्यांचे लोक असतात. दसऱ्याला डबा सजतो, भजन रंगतं, कोणाची मुलगी दहावीला पहिली आली की पेढे वाटले जातात. निवृत्तीच्या आदल्या दिवशी कचेरीतल्या निरोपाइतकाच डब्यातला निरोप मोठा असतो.

बायकांच्या टिपणांत हाच डबा वेगळा दिसतो. १९९२ साली मध्य रेल्वेवर लेडीज स्पेशल आली, पण भाजी निवडणं, मटार सोलणं, लोकरीचं विणकाम त्याआधीपासून चालू होतं. शाळेत शिक्षिका, बँकेत कारकून, टेलिफोन ऑपरेटर, महामंडळात टायपिस्ट: या नोकऱ्या करून त्यांनी ब्लॉकचे हप्ते फेडायला हात लावला. त्यांचं निवृत्तीविषयीचं लिहिणंही पुरुषांपेक्षा कोरडं आहे. पुरुष ‘आता वेळच वेळ’ असं लिहितो. बाई लिहिते की एक पाळी सुटली, दुसरी चालू आहे. मधल्या वयात नोकरी सोडून दिलेल्या पदवीधर बायकांना ‘निवृत्त कधी झालात’ हा प्रश्नच लागू होत नाही. अशांपैकी काहींनी पन्नाशीत पाळणाघर काढलं, पोळी-भाजी केंद्र चालवलं, शिकवण्या घेतल्या, आणि पंचाहत्तरीतही त्या कामावर आहेत. संग्रहातली सर्वांत वाचनीय पानं त्यांची आहेत.

आता पैशाविषयी. या विषयावर आपल्याकडं एकतर बोलत नाहीत, नाहीतर मोघम बोलतात. म्हणून जरा सविस्तर सांगतो. एकाच बाकावर बसलेले चौघे एकाच साली पदवीधर झाले आणि चार ठिकाणी लागले, तर आज त्यांच्या म्हातारपणाची ऐपत चार प्रकारची आहे. राज्य सरकारचा कारकून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाला. केंद्राचा, १९९८ नंतर, साठाव्या वर्षी. दोघांनाही महागाई भत्त्यासकट पेन्शन. केंद्राच्या पेन्शनरला ऐंशी पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर वीस टक्के वाढ मिळते, पंचाऐंशीला तीस, नव्वदीला चाळीस. शंभरी गाठली तर दुप्पट. वय वाढेल तसा पगार वाढावा अशी सोय नोकरीत असताना नव्हती!

बँकवाल्याची गोष्ट वेगळी. बँकांत पेन्शन आली ती १९९०च्या दशकाच्या मध्यावर, आणि ती घ्यायची तर प्रॉव्हिडंट फंडातला बँकेचा वाटा सोडावा लागत होता. पुष्कळांनी तेव्हा हातचा फंड सोडला नाही. २०१०च्या करारानं त्यांना पुन्हा एकदा संधी मिळाली, तेव्हा घेतलेले पैसे परत करून लोक पेन्शनीत आले. मधे २०००-०१ साली स्वेच्छानिवृत्तीची योजना आली होती. देशभरात सुमारे एक लाख बँक कर्मचारी त्या वेळी बाहेर पडले. ज्यांनी पन्नाशीत ती रक्कम घेतली, त्यांतल्या कोणी ती ठेवीत ठेवली, कोणी मुलाच्या शिक्षणाला लावली, कोणी धंद्यात घातली. व्याजाचे दर पुढं उतरत गेले तसे पहिल्यांचे हिशेब चुकले, हे त्यांच्याच तोंडून वाचण्यासारखं आहे.

कारखान्यातल्या केमिस्टचं पेन्शन म्हणजे ईपीएस-९५, अर्थात १९९५ची कर्मचारी पेन्शन योजना. सूत्र सोपं आहे: पेन्शनपात्र पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणायचं आणि सत्तरानं भागायचं. पण पेन्शनपात्र पगाराला मर्यादा होती: सुरुवातीला पाच हजार, २००१ पासून साडेसहा हजार, २०१४च्या सप्टेंबरपासून पंधरा हजार. म्हणजे २०१० साली निवृत्त झालेल्याची योजनेतली पंधरा वर्षं धरली तर ६,५०० गुणिले १५ भागिले ७०, उत्तर १,३९३. आधीच्या नोकरीबद्दल वर थोडीफार भर. त्याचा प्रत्यक्ष पगार कितीही असला तरी मासिक पेन्शन दीड-दोन हजारांच्या घरात. किमान पेन्शन एक हजार रुपये, तेही २०१४ पासून. आणि ज्यांचा कारखानाच बंद पडला त्यांचं तर विचारूच नये. मोहन्याची एनआरसी २००९च्या अखेरीस थांबली आणि हजारो कामगार-कर्मचाऱ्यांची देणी वर्षानुवर्षं अडकून पडली. त्या वसाहतीतले पदवीधरही या संग्रहात आहेत.

हे सगळं इतकं तपशिलानं सांगायचं कारण असं की माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात यातलं काहीच दिसत नाही. मेळाव्याला येतात ते ज्यांचं बरं चाललंय ते. सफारी नाहीतर कुडता, हातात नातवाचे फोटो असलेला फोन, स्टेजवर जुने सर, जेवणात पुरी-श्रीखंड. कोण कुठल्या पदावरून निवृत्त झाला हे निवेदक वाचून दाखवतो आणि टाळ्या पडतात. ज्याची कंपनी बंद पडली, ज्यानं मध्येच नोकरी सोडून शिकवण्या घेतल्या, ज्याचा मुलगा घरात बसून आहे, तो येत नाही. दोन वेळा बोलावणं जातं, तिसऱ्यांदा कोणी फोन करत नाही. मेळाव्यावरून एखाद्या तुकडीचा अंदाज बांधला तर ती तुकडी आहे त्याहून पुष्कळ सुखी वाटते. मेळाव्याला न येणाऱ्यांपर्यंत पोचायचं, हा या संग्रहाचा पहिला आग्रह होता. त्यासाठी कॉलेजच्या याद्यांपेक्षा गाडीतले ग्रुप अधिक उपयोगी पडले.

मुंबईची नोकरी सुटली, शेवटचा तिमाही पास संपला आणि मग? बहुतेकांनी पहिल्या काही महिन्यांबद्दल एकच गोष्ट लिहिली आहे: आपण राहतो ते गाव आपल्याला माहीत नाही. मुंबईत हुतात्मा चौकातला प्रत्येक चहावाला ओळखीचा, पण घरामागच्या गल्लीत काय आहे ते ठाऊक नाही. सकाळी अंधारात निघायचं आणि रात्री परतायचं, रविवारी बाजार आणि झोप. वाचनालयाचं सभासदत्व होतं ते बायकोच्या नावावर. दुपारी तीन वाजता ठाण्यातले रस्ते कसे दिसतात हे साठाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिलेली माणसं इथं आहेत.

गाव कळू लागलं की हाताला काम शोधणं आलं. या शहरांत तशा जागा होत्या आणि आहेत. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं; अशा संस्थांच्या कार्यकारिणीत, हिशेबात, पुस्तकांच्या नोंदीत निवृत्तांचे तास मुरलेले आहेत. ठाण्यात आचार्य अत्रे कट्टा आहे, दर जानेवारीला रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमाला भरते. कल्याणचं आकाश मित्र मंडळ तारे दाखवतं. डोंबिवलीत गुढीपाडव्याची स्वागतयात्रा गणेश मंदिर संस्थानानं गेल्या शतकाच्या अखेरीस सुरू केली आणि ती राज्यभर पसरली. त्या दिवशी ढोल वाजवणारे तरुण असतात, पण परवानग्या, पाणी, रस्ता यांचं नियोजन करणाऱ्यांत पांढरे केस बरेच दिसतात. २०१७च्या फेब्रुवारीत डोंबिवलीला नव्वदावं साहित्य संमेलन झालं, पु. भा. भावे यांच्या नावाच्या नगरीत. तिथंही निवास, भोजन, ग्रंथदालन असल्या खात्यांत निवृत्त मंडळी राबत होती.

पण या सगळ्याहून मोठं आणि कोणाच्याच नजरेत न भरणारं काम आहे ते सोसायटीचं. त्यावर या संग्रहात एक स्वतंत्र भाग आहे, आणि तो कंटाळवाणा समजून कोणी गाळू नये. १९७०-८० मध्ये बांधलेल्या ठाणे-डोंबिवलीतल्या चार मजली, बिनलिफ्टच्या इमारती आता पुनर्विकासाला आल्या आहेत. कित्येकांची जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर. २००८च्या कायदादुरुस्तीनं मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरनं सही केली नाही तरी जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याची सोय झाली, पण त्याचा अर्ज करायचा म्हणजे मंजूर नकाशा, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, प्रत्येक सदनिकेचा करारनामा, इंडेक्स टू, सभासदांची यादी, ठरावाची प्रत अशी चळत जमवायची. पुनर्विकासाला सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९ अ खालचे निर्देश पाळायचे: विशेष सर्वसाधारण सभा, निबंधकाचा प्रतिनिधी, निविदा, एकावन्न टक्क्यांची संमती, चित्रीकरण. हे कोण करणार? तरुण कामावर असतात. करतो तो मंत्रालयात तीस वर्षं टिपणी लिहिलेला माणूस, ज्याला अर्ज कुठल्या टेबलावर अडतो हे बरोबर कळतं. बँकेत तारण कर्जाचे कागद तपासलेला, जो करारनाम्यातलं एक कलम वाचून बिल्डरला दोन तास बसवून ठेवतो. आणि कारखान्यात पर्चेसला असलेला, जो तीन निविदांचा तक्ता करून सभेला समजावून सांगतो. बढती नाकारून ज्या ब्लॉकसाठी माणूस इथं राहिला, तो ब्लॉक कागदावर आपला करून घेण्याचं काम त्यानं निवृत्तीनंतर केलं. नोकरीतली विद्या इतक्या थेटपणे कामी आल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. याला मानधन नाही. वर ‘तुम्ही बिल्डरचे माणूस’ हे ऐकून घ्यावं लागतं.

निवृत्तीनंतर मोठी पदं भूषवलेलेही या भागात होऊन गेले. कल्याणचे प्रा. राम कापसे प्राध्यापक, आमदार आणि मग १९८९ पासून ठाण्याचे खासदार होते; २००४ साली, सत्तरीत, अंदमान-निकोबारचे नायब राज्यपाल झाले आणि त्याच डिसेंबरात त्सुनामीला तोंड द्यायची पाळी त्यांच्यावर आली. अशा माणसांची चरित्रं स्वतंत्रपणे लिहिली जातील. इथं त्यांच्या शेजारचे, त्यांच्याच तुकडीचे, पण वर्तमानपत्रात नाव न आलेले लोक आहेत.

घरातलीही एक बाजू आहे. मुलगा पुण्यात हिंजवडीला, मुलगी अमेरिकेत. सुनेच्या किंवा मुलीच्या बाळंतपणाला दोन्हीकडचे आजी-आजोबा सहा-सहा महिन्यांच्या पाळ्या लावून जाऊन येतात. पहिली वारी हौसेची, तिसरी नाइलाजाची. परत आल्यावर नोव्हेंबरात हयातीचा दाखला. २०१४ पासून तो अंगठा टेकवून घरबसल्याही देता येतो, पण झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, म्हणून लोक पुन्हा बँकेच्या रांगेत. तुकडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी सुप्रभात आणि अधूनमधून ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. साठ नावांचा ग्रुप चाळिसावर आला की माणसं एकमेकांना अधिक फोन करू लागतात, असं एकानं लिहिलं आहे.

बाहेरच्या जगात अशा नोंदी ठेवण्याची जुनी रीत आहे. हार्वर्ड विद्यापीठात दर पाच वर्षांनी प्रत्येक तुकडीचं एक लाल पुठ्ठ्याचं पुस्तक निघतं; त्यात माजी विद्यार्थी स्वतःविषयी लिहितात. त्याच विद्यापीठात १९३८ साली २६८ विद्यार्थ्यांची पाहणी सुरू झाली आणि संशोधकांनी त्यांचा आयुष्यभर माग ठेवला. पुढं बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतली मुलंही त्यात घेतली. म्हातारपण कसं जाईल याचा अंदाज माणसाच्या हुद्द्यावरून बांधता येत नाही, त्याच्या नात्यागोत्यांवरून आणि मैत्रीवरून बराच बांधता येतो, असं त्यांना आढळलं. गाडीतल्या ग्रुपवाल्यांना हे सांगायला अमेरिकेचा शास्त्रज्ञ लागत नाही. पण ऐंशी वर्षं चिकाटीनं नोंद ठेवली तरच अशी गोष्ट ठामपणे म्हणता येते, हे आपण घेण्यासारखं आहे.

या संग्रहाचा तसा दावा नाही. पाहणी म्हणावी इतकी माणसं यात नाहीत, आणि ज्याला लिहिता येतं, लिहावंसं वाटतं, त्याचंच लिहिणं इथं आलं. आगरी-कोळी गावांतून पहिल्यांदा पदवीधर झालेले, उल्हासनगरच्या सिंधी घरांतले, डोंबिवलीतले केरळी आणि गुजराती यांची टिपणं असायला हवी होती त्याहून कमी आहेत. रचना सालवार नाही, नोकरीवारही नाही; सुटका कशी झाली त्यावर केली आहे: वयानं निवृत्त, स्वेच्छेनं निवृत्त, कारखाना बंद पडल्यानं निवृत्त आणि कधीच निवृत्त न झालेले. शेवटचा गट सर्वांत मोठा निघाला.

ज्या कॉलेजांच्या पहिल्या तुकड्या सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बाहेर पडल्या, त्यांचे विद्यार्थी आज पंच्याहत्तरीच्या आसपास आहेत. ‘सध्याचा हुद्दा’ हा रकाना काढून तिथं ‘आता काय करता’ एवढं विचारायला कॉलेजांना काही खर्च नाही. तो प्रश्न त्यांनी येत्या चार-पाच वर्षांत विचारला नाही, तर विचारायला ती माणसं उरणार नाहीत. त्यामागून येणारी पिढी १९९० नंतरची. तिला बढती नाकारायची सोय नव्हती, ठरलेलं निवृत्तीचं वय नाही, आणि २००५ नंतर सरकारी नोकरीत लागलेल्यांनाही जुनी पेन्शन नाही. तिच्या म्हातारपणाचा जमाखर्च याहून निराळा असेल. तो मांडायला बसणाऱ्याला तुलनेसाठी आधीच्या पिढीची नोंद लागेल, आणि ती त्याला इथं सापडावी एवढ्यासाठी ही पानं छापली आहेत.